कॅमेऱ्यावरचा हार

सरकारचा फॉर्म बारा पानी होता. तो मी दीड दिवसात भरला आणि त्यातल्या एका प्रश्नाला धडधडीत खोटं उत्तर लिहिलं. कोणी लिहायला लावलं नव्हतं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत मी एचआर सांभाळते. सतरा वर्षं झाली. सकाळी डांगे चौकातून कंपनीची बस पकडायची, डायरी मांडीवर घ्यायची आणि भोसरी मागे पडायच्या आत दिवसाची यादी करून टाकायची, हा माझा नेम आहे. बसमधल्या बायका थट्टा करतात. "मॅडम, श्वास घ्यायचाही लिहून ठेवता का?" करोत. लिहिलेलं काम होतं आणि न लिहिलेलं राहतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

त्या वर्षी कंपनीने जोडणीच्या आठ टेबलांवर आठ कॅमेरे बसवले. एकेका टेबलावर दोन बायका समोरासमोरच्या टोकांना उभ्या राहून वायरींच्या जुड्यांना टेप गुंडाळतात. कॅमेरा दिवसभर त्यांचे हात बघायचा. त्याच्या मागे एआयचा प्रोग्राम होता. हात किती वेळ चालले, किती वेळ थांबले, याचे रोज गुण पडायचे. दर पंधरा दिवसांनी कंत्राटी बायकांची यादी माझ्या स्क्रीनवर यायची. ज्यांचे गुण कमी, त्यांची नावं लाल. लाल नावापुढे लिहिलेलं असायचं, "मुदत वाढवू नये." आणि त्याच्यापुढे दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य.

कॅमेरे बसवायला प्रोग्रामवाल्यांच्या वाकडच्या ऑफिसातून जो माणूस आला होता त्याने बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं, "प्रोग्राम फक्त सुचवतो. निर्णय तुमचा." मी ते वाक्य तारखेसकट लिहून घेतलं. त्यानंतर "अमान्य" हे बटण मी एकदाही दाबलं नाही. यादी उघडायची, मान्य, मान्य, मान्य. समोरचा चहा निवायच्या आत काम उरकायचं. त्यात मला बरं वाटायचं, हेही सांगून टाकते. पूर्वी कोणाला थांबवायचं ते सुपरवायझर आणि मी बसून ठरवायचो. मग कोणी कोणाच्या गावचं निघायचं, कोणाचा दीर येऊन दारात उभा राहायचा, रडारड व्हायची. आता मला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

खंडेनवमीची तयारी दरवर्षी माझ्याकडे असते. झेंडूचे हार, नारळ, हळदकुंकू, पेढे, कोणत्या यंत्राला कोणी कुंकू लावायचं, सगळ्याची यादी. त्या वर्षी ती करताना मनात आलं, कॅमेरे नवीन आहेत, पण तीही यंत्रंच. लिहिलं, "कॅमेरे – आठ हार."

चौथ्या टेबलावर परभणीकडची एक बाई होती. अंगाने चांगली उंच, बोलायला मोकळी. त्या दिवशी सगळ्या जणी साड्या नेसून आल्या होत्या. मीच तिला हाक मारली. "तू उंच आहेस. चढ स्टुलावर आणि कॅमेऱ्यांना हार घाल."

तिने पदर खोचला आणि चढली. वरून म्हणाली, "रोज हा आमच्याकडं बघतोय, आज आम्ही त्याच्याकडं बघतो." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि डायरीत आठ खुणा केल्या.

पूजेचा हार आमच्याकडे लगेच कोणी काढत नाही. तो यंत्रावरच सुकतो आणि दिवाळीच्या साफसफाईत उतरतो. वायर कापायच्या यंत्रावर राहिला तर त्याचं काहीच बिघडत नाही. कॅमेऱ्याचं बिघडतं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. चौथ्या टेबलावरचा हार तीन-चार दिवसांत सुकून घसरला आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर अर्ध्यात लोंबत राहिला. खाली काम करणाऱ्यांची मान तेवढी वर जात नाही. चित्र प्रोग्रामच बघायचा, माणूस कोणी बघत नव्हता. टेबलाचं जे टोक हाराआड गेलं, तिथे ती परभणीची बाई उभी असायची. प्रोग्रामच्या हिशेबाने तिथे हातच नव्हते.

पुढच्या यादीत तिचं नाव लाल आलं. मी मान्य केलं.

त्या टेबलाचा माल दोघींचा मिळून मोजला जायचा. तो नेहमीइतकाच निघत होता आणि त्याचे आकडे माझ्याच दुसऱ्या फाइलीत होते. दोन्ही शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागली असती.

ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "म्याडम, मी रिकामी कधी बसले ते सांगा."

"सिस्टिममध्ये तसं दिसतंय."

"सिस्टिमला दिसतंय. तुम्हाला दिसलं का? तुम्ही खाली येऊन बघितलं का?"

"ठेकेदाराला भेट. तो दुसरीकडे लावून देईल."

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. टेपच्या डिंकाने बोटांची टोकं काळी पडली होती. "रिकाम्या बाईची बोटं अशी असतात व्हय?" मी घड्याळाकडे बघितलं. बसला सात मिनिटं होती. "हे माझ्या हातात नाही," असं मी म्हणाले आणि पर्स उचलली.

चार-पाच दिवसांनी दिवाळीची साफसफाई निघाली. आमचा सुपरवायझर चाकणच्या जुन्या गावातला, त्याच्या घरची जमीनच पूर्वी या पट्ट्यात होती. तो शिडीवर चढला होता. तिथूनच त्याने मला बोलावलं.

"म्याडम, हिकडं या जरा. ह्या हारानं निम्मा टेबल झाकला व्हता की."

मी वर बघितलं.

"ती बाई गेली ना, तिचीच जागा ही. कामाला लई चांगली व्हती ती. आमी तवाच म्हनत व्हतो, ही कशी काय रिकामी?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"आमाला कोन इचारतंय आता? तुमी आन् कॅमेरा." त्याने हार ओढून खाली टाकला. "बोलवायचं न्हाई का तिला?"

"दिवाळीनंतर बघू," मी म्हणाले.

डायरीत लिहिलं, "कॅमेऱ्यांचे हार काढणे – झाले." तिला बोलावण्याचं लिहिलं नाही. राहून गेलं असं नाही, मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर करावं लागलं असतं, आणि केलं असतं तर मॅनेजरसमोर आधी हे सांगावं लागलं असतं की मी याद्या न बघताच मान्य करते.

नवीन वर्षात तो फॉर्म आला. एआय वापरून माणसांबद्दल निर्णय घेतले जातात तिथे चूक झाली तर जबाबदार कोण, याचा अभ्यास करायला सरकारने एक गट नेमला होता. कायदा करायचा की नुसते नियम, हे ठरवण्याआधी प्रत्यक्षात काय चालतं ते त्यांना समजून घ्यायचं होतं. आमच्या पट्ट्यातल्या काही कंपन्यांना फॉर्म आले, त्यात आम्ही. प्रश्न सरळ होते. प्रोग्राम कोणाचा, माहिती कुठे ठेवता, कामगारांना कल्पना दिली आहे का, तक्रार कोणाकडे करायची. "प्रोग्रामने सुचवलेला निर्णय अंतिम होण्याआधी माणूस तपासतो का?" इथे मी "होय" लिहिलं. पुढचा प्रश्न होता, "तपासणीनंतर माणसाने निर्णय बदलला, असे एक उदाहरण द्या." खाली पाच ओळींची जागा.

माझ्याकडे उदाहरण नव्हतं. बाकी सगळी पानं भरून झाली होती आणि मधे ही पाच ओळींची जागा पांढरी दिसत होती. कोरी जागा मला बघवत नाही. शाळेपासूनची खोड आहे. मी लिहिलं: "पूजेच्या हारामुळे कॅमेऱ्याचे भिंग झाकले गेले व एका महिला कामगाराचे गुण कमी आले. एचआर विभागाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली व सदर महिलेची मुदत वाढवली." त्यातलं "प्रत्यक्ष जागेवर जाऊन" हे मी दुसऱ्यांदा वाचताना घातलं. त्याने वाक्य चांगलं झालं असं वाटलं.

मॅनेजरने सही करण्यापूर्वी ते वाचलं. "वा मॅडम. हार वगैरे. अगदी खरं वाटतंय."

"हाराचं खरंच आहे, सर."

"मग प्रश्नच मिटला," म्हणून त्याने सही ठोकली.

तीन आठवड्यांनी अभ्यासगटाच्या एक अधिकारी बाई कंपनी बघायला आल्या. चाळिशीच्या असतील. पायात साधे बूट, हातात वही, कमी बोलणाऱ्या. कॅमेऱ्यांखाली उभ्या राहून त्यांनी मान वर करून नीट बघितलं, टेबलावरच्या बायकांशी दोन शब्द बोलल्या. मग माझ्या समोर बसून आमचा फॉर्म काढला.

"उदाहरणाची जागा बाकी सगळ्यांनी कोरी सोडली आहे," त्या म्हणाल्या. "काहींनी 'लागू नाही' लिहिलंय. उदाहरण तुम्ही एकट्यांनी दिलंत."

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"आमच्यातले काही जण म्हणतात, माणसाची तपासणी ही नुसती कागदावर असते, कायद्यात ती सक्तीची करून काही होणार नाही. मला हे त्यांना दाखवायचंय. त्या बाईंशी बोलता येईल का?"

"आज रजेवर आहेत." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"हरकत नाही. पुढच्या मंगळवारी चाकणलाच आमची बैठक आहे. तिथे घेऊन या त्यांना. नाव छापणार नाही, काळजी नको."

म्हणजे सगळ्या पट्ट्यातल्या उत्तरांमधून एकच चांगली गोष्ट निघाली होती आणि ती माझ्या खोट्यावर उभी होती. त्या जोरावर उद्या नियम होणार होता. बसमध्ये मी डायरी उघडली. लिहिलं, "एक, पत्ता. दोन, भेट. तीन, परत कामावर घेणे." चौथ्या ओळीवर पेन थांबलं. मागची तारीख टाकून तिला कामावर घेतलं की माझं उत्तर आपोआप खरं होईल, असा माझा बेत होता. तो मी लिहिला नाही, पण होता.

पत्ता सुपरवायझरने दिला. रविवारी सकाळी मी म्हाळुंग्याला गेले. ओळीने पत्र्याच्या खोल्या, आणि शेवटच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या कामगारांची मेस. ती तिथे पोळ्या लाटत बसली होती. मला बघून लाटणं थांबलं नाही.

"ताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"अगं बाई, आज 'तुम्ही' झाले व्हय मी?" ती म्हणाली. "बसा. पाट तेवढाच हाय, पिठानं भरलाय, साडी खराब होईल."

मी बसले. हाराचं सगळं सांगितलं. ती मधे एकदाच थांबली.

"म्हणजे मीच घातलेला हार?"

"मी घालायला सांगितला म्हणून."

"आणि तुम्हाला हे कधी कळालं?"

इथपर्यंत मला वाटत होतं की ते सांगावं लागणार नाही. "दिवाळीच्या आधी," मी म्हणाले.

तिने तव्यावरची पोळी उलटवली. "दिवाळीच्या आधी. आणि आता शिमगा आला." पोळी फुगली, तिने ती कापडाने दाबली. "मग आज कामून आलात?"

मी फॉर्मचं सांगितलं. काय लिहिलं तेही सांगितलं. मंगळवारच्या बैठकीचं सांगितलं, परत कामावर घेण्याचं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली, आणि ते हसणं ऐकून आतली दुसरी बाई डोकावून गेली.

"म्हणजे मला तिथं येऊन सांगायचं की मला काढलंच नव्हतं?"

मी साडीला लागलेलं पीठ झटकलं.

"म्याडम, तुमच्या कंपनीतून निघाल्यावर मी तीन कंपन्यांच्या गेटवर जाऊन आले. ठेकेदार तोच. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या नावापुढं लिहिलंय, 'कामावर रिकामी आढळली.' गेटवरचा माणूस वाचतो आणि माझ्याकडं असा बघतो. चोरी केली असती तर बरं, निदान काही हाती लागलं असतं."

"ते मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं कुठं?" तिने परात पुढे ओढली. "मला तुमच्या कॅमेऱ्याखाली परत नाही यायचं. आणि खोटं बोलायलाही नाही यायचं. एक करा. ते नावापुढचं काढा. पत्र द्या, सहीचं."

"देते. कॅमेऱ्याच्या चुकीमुळे असं झालं, असं स्पष्ट लिहिते."

"नको. कॅमेरा चुकला म्हणलं तर कोण ऐकतंय? म्हणतील, बाई स्वतः काम करीना आणि यंत्राला नावं ठेवते. माणूस चुकलं असं लिहा. माणूस चुकतं, हे सगळ्यांना पटतं."

सोमवारी मी मॅनेजरकडे गेले. त्याला आधी तपशील आठवेना, मग आठवला. "हार तिनेच बांधला ना? मग चूक तिचीच की."

"मी बांधायला लावला, सर."

"बरं, 'तांत्रिक अडचण' लिहा. त्यात सगळं येतं."

"तिला माणसाची चूक लिहून हवी आहे."

"माणसाची म्हणजे कोणाची?" त्याने खुर्ची मागे घेतली. "हे बघा, उद्या कोणी वकील उभा केला तर? माझं नाव कुठेही नको."

"बटण मी दाबलं. सही माझी."

"विचार करा, मॅडम. तुमची निवृत्ती काही उद्या नाही." तो वाईट माणूस नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. गेली सतरा वर्षं म्हणतच आले आहे.

मंगळवारच्या बैठकीला मी एकटी गेले. त्या अधिकारी बाई दारातच भेटल्या आणि माझ्या मागे कोणी आहे का ते बघू लागल्या. मी त्यांना जिन्याजवळ घेतलं आणि उभ्याउभ्या सांगितलं. ते उत्तर खोटं आहे, बाईला काढलं होतं, मी जागेवर गेले नव्हते. त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी वहीतून आमचा फॉर्म काढला.

"उदाहरण काढून टाकायचं की बदलून लिहायचं?"

"बदलून लिहा."

"कंपनीला चालेल?"

"विचारलेलं नाही."

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "त्या काळात लाल नावं किती आली, याची नोंद असेल ना तुमच्याकडे?"

"सगळी आहे."

"त्यातली किती तपासलीत?"

"एकही नाही."

"त्याच्या आधीच्या प्रश्नाला तुम्ही 'होय' लिहिलं आहे. माणूस तपासतो का, या प्रश्नाला." त्यांनी पेन थांबवलं. "सगळ्यांनीच 'होय' लिहिलंय."

"आमचं तेही बदला," मी म्हणाले. फॉर्मवर खाडाखोड होताना बघत उभी राहिले. बाकीच्यांचं "होय" कसलं असेल, हे आम्ही दोघींनीही बोलून दाखवलं नाही. बैठकीत मी शेवटच्या रांगेत बसले. काय चर्चा झाली ते आठवत नाही. डायरीतही काही नाही.

त्या आठवड्यात मी जुन्या याद्या काढल्या. लाल नावं एका कागदावर उतरवली आणि प्रत्येकीच्या टेबलाचा माल शेजारी मांडला. काही नावांपुढे मला आजही कळत नाही की प्रोग्राम बरोबर होता की नाही. तेव्हाचं चित्र पुसलं गेलं आहे. काहींचे फोन लावले. बरेच बंद. एकीच्या नवऱ्याने उचलला. ते चाकण सोडून आपल्या गावी परत गेले होते. "कशाला फोन केला होता?" त्याने विचारलं. मी नावापुढे खूण केली आणि फोन ठेवला. एवढंच काय ते केलं. यापेक्षा जास्त केलं असं कोणाला वाटू नये.

पत्र मी कंपनीच्या कागदावर टाइप केलं. एक प्रत ठेकेदाराला पाठवली, त्याने आठ दिवसांत ती नोंद काढतो असं सांगितलं. दुसरी प्रत तिला द्यायला शनिवारी दुपारी चाकणच्या चौकात गेले. शेअर रिक्षा लागतात तिथे ती दोन बायकांबरोबर उभी होती. दोघींच्या गळ्यात कुठल्याशा कंपनीची ओळखपत्रं होती.

तिने पाकीट फाडलं, कागद उलगडला, थोडा लांब धरला. "हे तर इंग्रजीत हाय."

"ठेकेदारांना इंग्रजी लागतं. म्हणून."

"मला बी कळाया पाहिजे ना. तुम्ही वाचून दाखवा मराठीत."

मी कागद घेतला आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं वाचा. ह्यांना बी ऐकू द्या. ह्यांच्या टेबलावर बी कॅमेरा हाय."

रिक्षावाला "म्हाळुंगे, म्हाळुंगे" ओरडत होता. मागे ट्रक हॉर्न देत होते, त्यामुळे खरंच मोठ्याने वाचावं लागलं. ही महिला आमच्याकडे नियमित काम करत होती. ती कधीही रिकामी आढळली नाही. तिच्याविरुद्धची नोंद चुकीची आहे. ती नोंद मी कसलीही तपासणी न करता मंजूर केली. ही चूक माझी आहे.

"ह्या म्याडमनीच लिहिलंय?" दोघींपैकी एकीने विचारलं.

"मग काय कॅमेऱ्यानं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मधलं परत वाचा. तपासणीचं."

मी परत वाचलं.

"तारीख घातली का?"

"घातली."

"मग द्या."

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. घडी घातली नाही, चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि तशीच सावकाश रिक्षात चढली. बाकीच्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. मी अजून तिथेच उभी होते. रिक्षावाल्याने विचारलं, "म्याडम, तुम्ही येताय का?" मी नाही म्हणून मान हलवली.